सापवाले भाऊ

सापवाल्या भाऊंना फोन लावला की आधी पुंगी ऐकावी लागते. न्हाणीघरात बंबामागे काहीतरी सळसळलेलं असतं, आजी पलंगावर उभी असते, शेजारचे काका काठी परजत "मारू का?" म्हणून विचारत असतात, आणि आपल्या कानात भाऊंची कॉलर ट्यून वाजत असते. ती एकदा पूर्ण वाजली की भाऊ फोन घेतात. पहिला प्रश्न, "किती माणसं जमलीत?" साप केवढा, कुठे, अंगावर पट्टे की ठिपके, हे सगळं नंतर. माणसं कमी असतील तर भाऊ "लक्ष ठेवा, आलोच" म्हणतात. जास्त असतील तर खरोखरच येतात.

याच भाऊंनी आदल्या दिवशी हायस्कुलात व्याख्यान दिलेलं असतं. साप पुंगीच्या सुरावर डोलत नाही, हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून तो फक्त सावध उभा असतो. साप दूध पीत नाही. साप डूख धरत नाही, तेवढी स्मरणशक्ती त्याला नाही. सगळं शास्त्रशुद्ध. मुलं टाळ्या वाजवतात. व्याख्यान संपवून खाली उतरताना भाऊ पिशवीवर हात फिरवतात आणि मुख्याध्यापकांच्या कानात सांगतात, "ही घोणस मला ओळखते हां सर."

भाऊ एक नाहीत. चिपळूणला आहेत, शिराळ्याला आहेत, अकोल्याला आहेत. गाव वेगळं, मोटारसायकल वेगळी, आतला माणूस तोच. आमचे भाऊ पतसंस्थेची पिग्मी गोळा करतात. गाडीच्या डिकीत एका कप्प्यात पावत्यांचं यंत्र आणि दुसऱ्यात बरणीत धामणीचं पिल्लू. त्यांच्या भागातली पिग्मी कधी थकत नाही असं व्यवस्थापक कौतुकाने सांगतात. कारण विचारायचं कोणाला सुचलेलं नाही.

बाकी सरंजाम ठरलेला. खाकी पँटला गुडघ्यापर्यंत खिसे, टी-शर्टच्या पाठीवर फणा काढलेला नाग, गळ्यात वनविभागाचं ओळखपत्र. लोखंडी आकडा आहे, लांब चिमटा आहे, तोंडाला पाइप बसवलेली कापडी पिशवीही आहे. सापासमोर पाइप धरला की तो बीळ समजून आपल्या पायाने, म्हणजे त्याला जे काही असतं त्याने, आत जातो. माणसाचं बोट त्याच्यापासून चार फूट लांब राहतं. इतकी साधी आणि सुरक्षित पद्धत दुसरी नाही. भाऊंची पिशवी मात्र कोरी करकरीत आहे. "सर, त्यात साप दिसतच नाही हो लोकांना!" ही त्यांची तक्रार. भाऊ शेपटीला धरतात. साप उलटा लोंबकळला की गर्दीतून 'ओ' येतो, तो 'ओ' पिशवीतून येत नाही.

घरी वहिनींची बाजू वेगळी आहे. त्यांच्या स्वयंपाकघरातून रिकाम्या बरण्या नाहीशा होतात. एकदा 'गोडा मसाला' अशी चिठ्ठी असलेल्या बरणीत कवड्या निघाला. वहिनी किंचाळल्या नाहीत. झाकण घट्ट लावलं, बरणी भाऊंच्या पानासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "आज आमटीत तुमचा तुम्हीच घालून घ्या." त्या दिवसापासून घरात कोणतीही बरणी आधी हलवून, मग उजेडात धरून, आणि मगच उघडली जाते. सून म्हणून कोणी येईल तेव्हा तिला हे शिकवावं लागेल, ही वहिनींची एक काळजी आहे.

या कवड्याविषयी थोडं सांगायला हवं. कवड्या बिनविषारी, भिंतीवर चढणारा, पाली खाणारा. मण्यार जहाल विषारी. दोघेही काळपट, दोघांच्या अंगावर पांढरे पट्टे, दोघेही रात्रीचे. घाबरलेला माणूस कवड्याला मण्यार समजतो आणि मारतो. भाऊंना फरक झोपेतही कळतो. कवड्याचे पट्टे मानेपाशी रुंद आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे उलट. पण फरक कळणं आणि फरक सांगणं यात गर्दीचा प्रश्न येतो. दहा माणसं असतील तर भाऊ कवड्याला कवड्या म्हणतात. पन्नास झाली की त्याची मण्यार होते. भाऊंच्या वहीत पकडलेल्या सापांचा आकडा अकरा हजारांवर गेला आहे, आणि त्यातल्या मण्यारी मोजल्या तर आमच्या तालुक्यात माणूस उरायलाच नको होता.

भाऊंची दैवतं दोन. एक देशी, एक विलायती. देशी दैवत पुण्याचं. १९८० साली नीलिमकुमार खैरे बहात्तर विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत बहात्तर तास बसले. साप छेडल्याशिवाय चावत नाही हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. पुढे १९८६ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. भाऊंनी या चरित्रातली काचेची खोली तेवढी उचलली. सर्पोद्यान राहून गेलं. दर नागपंचमीला ते ग्रामपंचायतीकडे काचेच्या खोलीसाठी अर्ज करतात, आणि ग्रामपंचायत दर वर्षी काच महाग झाल्याचं कळवते.

विलायती दैवत म्हणजे फ्लोरिडाचा बिल हास्ट. मायामीत त्याचं सर्पालय होतं. तिथे तो लोकांसमोर नागांचं, रॅटलस्नेकचं विष काढून दाखवायचा आणि सौम्य केलेलं विष स्वतःला टोचून घ्यायचा. त्याला एकशे सत्तरपेक्षा जास्त वेळा साप चावले आणि २०११ मध्ये तो गेला तेव्हा वय होतं शंभर. भाऊंनी यावरून काढलेला निष्कर्ष ऐकून आमचे डॉक्टर खुर्चीतून उठले होते. हास्टचे हात मात्र या चाव्यांनी पार वाकडे झाले होते. भाऊंच्या मोबाइलवर त्याचा जो फोटो आहे त्यात हात दिसत नाहीत.

रात्री पिग्मीचा हिशेब झाला की भाऊ अमेरिकन व्हिडिओ लावतात. रॅटलस्नेकवर त्यांचा फार जीव. त्याच्या शेपटीला जी कड्यांची साखळी असते ती हलवली की खुळखुळ आवाज येतो. वर्षाला एक कडं वाढतं अशी भाऊंची समजूत होती आणि ते व्हिडिओ थांबवून सापांची वयं मोजत बसत. खरं तर कडं वाढतं ते कात टाकली की, आणि साप वर्षातून दोन-तीनदाही कात टाकतो. जुनी कडी तुटूनही पडतात. "आपल्या सापांना खुळखुळा नाही सर, म्हणून आपल्याकडे कार्यक्रमाला वजन येत नाही," हे भाऊंचं दुःख. हे अगदीच अन्यायाचं आहे. आपली घोणस कुकरसारखी शिट्टी देते. फुरसं अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करकर आवाज काढतं. इशारे सगळे देतात. ऐकायला थांबणारा माणूस कमी.

टेक्सासमध्ये स्वीटवॉटर नावाचं गाव आहे. तिथे १९५८ पासून दर मार्चमध्ये रॅटलस्नेकची जत्रा भरते. डोंगराच्या कपारींत पेट्रोलची वाफ सोडून साप बाहेर काढतात आणि पिंपांत भरून वजनावर आणतात. उंच बूट घातलेली माणसं शेकडो सापांच्या हौद्यात उभी राहतात, एकेकाचं डोकं दाबून तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर विष काढतात. इथवर भाऊ भारावून पाहत होते. पुढच्या दृश्यात त्याच सापाचं मुंडकं उडवलं, कातडं सोललं आणि मांस पिठात घोळवून तळलं. भाऊ त्या रात्री जेवले नाहीत. "विष काढायचं आणि वर खायचं? माणसं आहेत का कोण?" अमेरिकेत वर्षाला सात-आठ हजार लोकांना विषारी साप चावतात आणि त्यातले पाचेक दगावतात. भारतात २००० ते २०१९ या काळात दर वर्षी सरासरी अठ्ठावन्न हजार माणसं सर्पदंशाने गेली. खुळखुळा त्यांच्याकडे, मरण आपल्याकडे. हा आकडा मी भाऊंना सांगितला तेव्हा ते गप्प झाले, आणि भाऊ गप्प होणं ही घटना वहीत लिहिण्यासारखी होती.

त्याच अमेरिकेत प्रतिविषासाठी विष काढणाऱ्या प्रयोगशाळाही आहेत. तिथे रॅटलस्नेकला आकड्याने उचलून पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळीत जाऊ देतात. अर्धं अंग आत गेलं की नळी आणि अंग एकत्र धरतात. डोकं वळवायला जागाच नसते. हा व्हिडिओही मी भाऊंना पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, "पाहिला. यात काहीच होत नाही."

विष काढायची कल्पना त्यांच्या डोक्यात कधी शिरली ते सांगता येतं. सापाचं विष पकडल्याची एक बातमी आली. किंमत कोटींत. भाऊंनी काचेचा पेला घेतला, त्यावर दुधाच्या पिशवीचा तुकडा रबराने ताणून बसवला आणि मला म्हणाले, "सर, फुरशी आपल्याकडे पैशाला पासरी. एका ग्रॅमला बघा काय भाव आहे!" विनापरवाना साप बाळगणं किंवा विष काढणं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, परवानाधारक प्रतिविष कंपनी असलं विष हातात धरणार नाही, हे मी सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. त्यांचा बेत मोडला वहिनींनी, तोही पाटीवर हिशेब मांडून. एका फुरशातून वाळलेलं विष किती निघतं? काही मिलिग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमला शेकडो फुरशी. "आणि त्यांना ठेवायला शेकडो बरण्या," वहिनी म्हणाल्या, "त्या कोणाच्या बापाच्या?" पेला परत फडताळात गेला. अजूनही त्यातून पाहुण्यांना सरबत देत नाहीत.

मग रामेश्वरची यात्रा निघाली. बस मद्रासवरून महाबलीपुरमला जाणार होती आणि वाटेत समुद्राच्या कडेला वडनेम्मेली लागतं. तिथे इरुळा जमातीच्या सर्पपकड्यांची सहकारी संस्था आहे. पूर्वी हे लोक कातड्यांसाठी साप धरत. कायद्याने तो धंदा बंद झाला आणि पोटाची पंचाईत झाली. रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये संस्था निघाली. तेच साप, तेच कसब, पण आता कातड्याऐवजी विष. देशात प्रतिविषासाठी जे विष लागतं त्याचा फार मोठा वाटा इथून जातो. म्हणजे आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या फ्रिजमधल्या बाटलीचं मूळ बहुतेक तिथल्या एखाद्या मडक्यात असतं. मडक्यातच. साप तिथे वाळू घातलेल्या मातीच्या मडक्यांत ठेवतात, तोंडाला फडकं बांधून. पुढचं सगळं मला वहिनींनी सांगितलं, कारण भाऊंनी त्या दिवसाबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

मध्ये मोकळी जागा, भोवती पायऱ्यांवर माणसं. भाऊ पाठीवरचा नाग दिसेल अशा बेताने पहिल्या रांगेत बसले. लुंगी नेसलेला एक मध्यमवयीन माणूस आला, मडक्याचं फडकं सोडलं आणि आकड्याने घोणस बाहेर घेतली. तिला उचलून मिरवलं नाही, उलटं टांगलं नाही. ती शिट्टी देत होती, हा थांबला. ती शांत झाल्यावर आकड्याने मान जमिनीला टेकवली, अंगठा आणि मधलं बोट जबड्यामागे, तर्जनी डोक्यावर. काचेच्या भांड्यावर ताणलेल्या पडद्याला दात टेकवले. पिवळे थेंब ओघळले. घोणस मडक्यात परत, फडकं बांधलं, पुढचं मडकं. "एकदासुद्धा आमच्याकडे बघितलं नाही हो त्यानं," वहिनी सांगत होत्या. "माणसं टाळ्या वाजवत होती, पण त्याचं लक्ष सापाच्या डोक्यावरून हललं नाही. मला तर आमच्या पोस्टातला शिक्के मारणारा मनुष्य आठवला."

भाऊंना चौकशीअंती आणखी धक्के बसले. साप तिथे ठेवतात तीनेक आठवडे. आठवड्याला एकदा याप्रमाणे चार वेळा विष काढतात, पोटाच्या खवल्यावर खूण करतात आणि जंगलात सोडून देतात. खुणेचा साप पुन्हा सापडला तर त्याला लगेच परत वापरत नाहीत. विष वाळवून भुकटी होते, ती कंपन्यांकडे जाते, तिथे घोड्यांना अगदी थोड्या-थोड्या मात्रेने टोचतात. घोड्याच्या रक्तात जी प्रतिद्रव्यं तयार होतात तीच बाटलीत येतात. आपल्या हाफकिननेही मुंबईत हेच काम पिढ्यान्‌पिढ्या केलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच बाटली. "एवढं सगळं, आणि कुठे एक फ्लेक्स नाही," हे भाऊंचं त्या भेटीवरचं एकमेव जाहीर वक्तव्य. २०२३ मध्ये मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल या दोघा इरुळांना पद्मश्री मिळाली. २०१७ साली अजगर धरायला हेच दोघे थेट फ्लोरिडाला गेले होते, भाऊंच्या विलायती दैवताच्या गावाकडे. ही बातमी मी भाऊंना वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, "इन्स्टावर किती फॉलोअर आहेत?"

यात्रेहून आल्यावर काही दिवस भाऊ बदलले होते हे मान्य केलं पाहिजे. आकडा वापरायचे. बूट घालायचे. बंद चुलीमागचा नाग त्यांनी पाइपच्या पिशवीत घातला तेव्हा गर्दी निराश होऊन पांगली. "भाऊंचं वय झालं," असं कोणीतरी म्हणालं. हे भाऊंच्या कानावर गेलं.

पुढच्याच आठवड्यात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या मांडवामागे घोणस निघाली. मांडव, लाउडस्पीकर, तीनशे माणसं, आणि पुढाऱ्याने स्वतः म्हटलेलं, "भाऊ, एक फोटो होऊन जाऊ दे." भाऊंनी मान धरली, अगदी वडनेम्मेलीच्या पद्धतीने धरली. साप धरताना ते चुकले नाहीत. फोटो झाले, सेल्फी झाले, पुढाऱ्याच्या मेहुण्याचा राहिला म्हणून पुन्हा झाले. सापाच्या धंद्यातली खरी अवघड वेळ सोडण्याची असते. धरलेलं डोकं मोकळं करताना बोट आणि दात यांच्यात काही क्षण काहीच नसतं. जाणकार त्या वेळी श्वास रोखून फक्त सापाकडे पाहतो. भाऊ त्या क्षणी कॅमेऱ्याकडे पाहत होते.

ग्रामीण रुग्णालयात मी पोचलो तेव्हा भाऊ खाटेवर बसून डॉक्टरांना घोणशीची माहिती देत होते. डॉक्टरांनी त्यांचं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतलं होतं आणि घड्याळ लावलं होतं. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. वीस मिनिटं नळी हलवायची नाही, मग तिरकी करून पाहायची. गोठलं तर ठीक. वीस मिनिटं ही भाऊंनी आयुष्यात प्रेक्षकांविना काढलेली सगळ्यात मोठी वेळ असावी, कारण डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं होतं. नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. दहा बाटल्या प्रतिविष शिरेतून द्यायला घेतलं, पहिल्या अर्ध्या तासात अंगावर गांधी उठल्या, त्यावर ॲड्रिनलिन दिलं. एवढ्यात भाऊंचा एक शिष्य खिडकीतून व्हिडिओ काढताना सापडला. त्याला वहिनींनी जो आवाज दिला तो माझ्या माहितीत तरी कोणत्याही सापाने दिलेला नाही.

भाऊ वाचले. डाव्या हाताचं मधलं बोट वाकडं राहिलं. पावत्यांच्या यंत्राची बटणं ते आता उजव्या हाताने दाबतात. घोड्याचं प्रतिविष अंगात गेल्यापासून आपण जास्त चालतो, असं ते लोकांना सांगतात.

आता खरं सांगायचं तर, भाऊ नसते तर आमच्या गावात काय झालं असतं? काठीवाले काका झाले असते. मध्यरात्री दोन वाजता भर पावसात, स्वतःच्या पेट्रोलने, एक पैसा न घेता हा माणूस कोणाच्या तरी गोठ्यात येतो. साप पकडून लांबच्या डोंगरात सोडायचा नाही, अनोळखी जागी तो टिकत नाही, जवळच्याच झाडीत सोडायचा, हे गावाला त्यांनीच शिकवलं. बाळंतिणीच्या खोलीतली मण्यार (ही खरीखुरी मण्यार) त्यांनी काढली तेव्हा तिथे कोणी नव्हतं, एक म्हातारी आणि एक कंदील. त्या रात्री भाऊंनी आकडा वापरला, पिशवी वापरली, शब्द बोलले नाहीत आणि सगळं तीन मिनिटांत झालं. त्या रात्रीचा फोटो नाही. ती रात्र वहीतही सापडत नाही. मला वाटतं भाऊंच्या अकरा हजारांतला तो सगळ्यात चांगला साप होता.

२०२५ मध्ये सरकारने सर्पमित्रांना ओळखपत्र आणि अपघात विमा देण्याची घोषणा केली. भाऊंनी त्याचा फ्लेक्स लावला. फोटोत त्यांच्या गळ्यात नाग आहे. विमा कंपनीचा माणूस स्टँडवर उतरला की पहिलं दर्शन त्याचंच होतं.

तर तुमच्याकडे साप निघाला तर काठी उचलू नका. आठ-दहा फुटांवरून नजर ठेवा, पोरांना आत घ्या, वनविभागाच्या १९२६ क्रमांकाला किंवा तुमच्या गावच्या भाऊंना फोन लावा, पुंगी सहन करा. कोणाला चावलाच तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, हातपाय न हलवता सरळ रुग्णालय गाठा. आणि भाऊंनी "किती माणसं जमलीत?" असं विचारलं, तर कितीही जमलेली असोत, "मी एकटाच आहे" म्हणून सांगा. ते आले की मोबाइल खिशात ठेवा.